टोक दिसतंय का?

सोलापुरातली जानेवारीची गड्ड्याची यात्रा संपली त्याच आठवड्यात आमच्या सर्जन सरांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "सिस्टर, रोज रात्री दोन तास देता येतील का?" इमर्जन्सीची ड्युटी असेल असं समजून मी हो म्हणून टाकलं. काम वेगळंच निघालं. पुण्यातली एक कंपनी रोबोटिक सर्जरीसाठी सॉफ्टवेअर बनवत होती. कॅमेऱ्यात दिसणारं प्रत्येक इन्स्ट्रुमेंट त्यानं ओळखायचं, त्याचं टोक कुठं आहे ते सांगायचं, आणि टोक नको त्या जागेकडे सरकलं तर सर्जनला आधीच इशारा द्यायचा. हे शिकवायला ऑपरेशनचे व्हिडिओ लागतात, आणि व्हिडिओतल्या एकेका चित्रावर काय कुठं आहे ते आखून देणारी माणसं लागतात. आधी हे काम कॉलेजातल्या पोरांनी केलं होतं. पोरं हुशार, पण क्लिप लावायचं इन्स्ट्रुमेंट आणि कात्री यांत त्यांची गल्लत व्हायची. सरांनी कंपनीला सांगितलं, ज्यांच्या हातातून ही इन्स्ट्रुमेंट रोज जातात त्यांनाच बसवा.

मी सोलापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलात १९ वर्षं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, नर्स आहे. दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ऑपरेशन, म्हणजे आम्ही ज्याला लॅप कोली म्हणतो, ते मी किती वेळा पाहिलं याचा हिशोब ठेवलेला नाही. सरांनी हात पुढे करायच्या आधी काय द्यायचं ते मला कळतं. कॅमेरा धरणारा नवा डॉक्टर जरा हलला की सर एकच वाक्य म्हणतात, "टोक दिसतंय का?" पोटात घातलेल्या इन्स्ट्रुमेंटचं टोक नजरेआड असताना ते हलवायचं नाही, हा दुर्बिणीच्या सर्जरीचा पहिला नियम. आमच्या ओटीत हे वाक्य दिवसात दहा वेळा तरी ऐकू येतं.

पहिलं काम संमतीचं होतं. व्हिडिओ द्यायचा तर पेशंटची लेखी परवानगी हवी, नाव-नंबर सगळं काढून टाकलेलं हवं. शहराच्या पूर्व भागातल्या एक मावशी होत्या, विडी कामगार. पित्ताशयात खडे झालेले, दुखणं दोन वर्षं अंगावर काढलेलं. मी फॉर्म वाचून दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, "माझं तोंड दिसणार नाही ना त्यात?" म्हटलं, नाही, फक्त पोटाच्या आतलं दिसतं. "मग घ्या की. आत काय, सगळ्यांचं सारखंच असतंय." आणि अंगठ्याऐवजी नेटानं सही केली, एकेक अक्षर जोडून.

आत सगळ्यांचं सारखं नसतं, हे मला पुढच्या तीन महिन्यांत कळलं. पण त्यांच्या त्या प्रश्नामुळे मी एक गोष्ट फार काटेकोरपणे केली. ऑपरेशनच्या मध्ये कॅमेरा पुसायला बाहेर काढतात तेव्हा रेकॉर्डिंग चालूच असतं. त्या चार-पाच सेकंदांत टेबल दिसतं, आमचे चेहरे दिसतात, कधी भिंतीवरचा फळा दिसतो, ज्यावर पेशंटचं नाव लिहिलेलं असतं. अशी प्रत्येक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक चित्र, 'शरीराबाहेर' म्हणून वेगळी काढायची असते. मी प्रत्येक व्हिडिओत आधी तेच करायची, मग बाकीचं.

काम असं चालायचं. व्हिडिओ सेकंदाला २५ चित्रांचा असतो, त्यातलं सेकंदाला एक आमच्याकडे यायचं. ४० मिनिटांच्या ऑपरेशनची २४०० चित्रं. प्रत्येकात माउसनं इन्स्ट्रुमेंटच्या कडेकडेनं टिंब टिंब देत रेघ पूर्ण करायची, आतला भाग रंगतो, मग नाव निवडायचं. दांडा वेगळा, मनगटाचा सांधा असला तर तो वेगळा, टोक वेगळं. सरळ दांड्याला आठ टिंबं पुरतात. टोकाला तीस-चाळीस लागतात. कॉटरीच्या, म्हणजे करंटनं जाळायच्या हूकनं जाळताना धूर होतो, त्यात कड हरवते. धातूवर लाइट चमकतो, तिथे कड दोन दिसतात. रक्तानं माखलेला दांडा आणि यकृताची कड एकाच रंगाची होते. आमचा ओटी टेक्निशियन पोरगा माझ्यासोबत होता, तो पहिल्या आठवड्यात म्हणाला, "ताई, ऑपरेशन सोपं वाटायला लागलंय." खरंच डोळे भरून यायचे. उन्हाळा सुरू झाला तसा लॅपटॉप इतका तापायचा की खाली ओलं फडकं ठेवून बसायचो.

शिकवायला ज्या मॅडम होत्या, त्या स्वतः डॉक्टर. त्यांनी या कामाची पूर्वपीठिका सांगितली. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या संशोधकांनी २०१६ च्या सुमारास पित्ताशयाच्या ८० ऑपरेशनचा एक संच तयार केला. १३ सर्जन, ऑपरेशनचे ७ टप्पे आणि ७ इन्स्ट्रुमेंट: ग्रास्पर (पकडायचं), बायपोलर (करंटनं जाळून रक्त थांबवायचं), हूक, कात्री, क्लिपर, सक्शन-इरिगेटर (पाणी सोडायचं आणि ओढून घ्यायचं) आणि पित्ताशय बाहेर काढायची पिशवी. जगभरातली कितीतरी सॉफ्टवेअर त्यावर घडली. त्या संचात नियम असा होता, की टोक निदान निम्मं दिसत असेल तरच इन्स्ट्रुमेंट हजर धरायचं. हा नियम ऐकला तेव्हा मला सरांचं वाक्य आठवलं. तिकडेही सगळा मामला टोकावरच येऊन ठेपलेला.

आणि माझं पहिलं भांडण याच नियमावरून झालं.

मी टोक आखायचे. चरबीच्या मागे गेलेलं असलं तरी आखायचे. १९ वर्षं तेच पाहिलंय, दांडा या कोनात आहे आणि सरांचा हात असा वळलाय म्हणजे टोक इथंच असणार, हे मला माहीत असतं. माझ्या दोनशे फ्रेम परत आल्या. शेरा होता, 'दिसतं तेवढंच आखा.' मला राग आला. मी फोन करून म्हटलं, "मॅडम, टोक तिथंच आहे, मी पैजेवर सांगते." त्या म्हणाल्या, "सिस्टर, असेल. पण चित्रात नसलेलं टोक तुम्ही आखलंत तर मशीन शिकेल, की टोक न दिसतासुद्धा ते कुठंय ते छातीठोकपणे सांगायचं असतं. तुमचा अंदाज १९ वर्षांचा आहे. त्याच्याकडे काय आहे?"

मी गप्प बसले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला, कारण अर्धी गोष्ट मला पटली नव्हती. नुसतं रिकामं सोडलं तर मशीनला वाटेल तिथं काहीच नाही. आणि चरबीमागे लपलेलं टोकच सगळ्यात घातक. पित्ताशयाची नळी आणि यकृताकडून येणारी मुख्य पित्तनलिका यांच्या मधल्या त्या लहानशा त्रिकोणात सगळा धोका असतो. मुख्य नलिका चुकून कापली गेली तर पेशंटचं आयुष्य बदलतं. म्हणून १९९५ पासून सर्जन एक पद्धत पाळतात. त्रिकोणातली चरबी साफ करायची, पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सोडवायचा, आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोन आणि दोनच गोष्टी दिसल्या, की मगच क्लिप लावायची. ती साफसफाई चालू असतानाच टोक सारखं आत-बाहेर होतं. तिथं 'काहीच नाही' असं कसं लिहायचं? मी म्हटलं, तिसरं नाव द्या. दांडा दिसतोय, टोक झाकलंय, असं. पंधरा दिवसांनी यादीत नवी खूण आली, 'टोक झाकलेलं.' आधीच्या सगळ्या फ्रेम पुन्हा कराव्या लागल्या. मी आनंदानं केल्या.

इथं अप्पांबद्दल सांगायला हवं. माझे वडील चादरीच्या कारखान्यात जेकार्डची कार्डं पंच करायचे. चौकटीच्या कागदावर मोर काढलेला असतो, एकेक चौकट रंगवलेली. त्यातली एक ओळ म्हणजे पुठ्ठ्याचं एक कार्ड, म्हणजे मागावर आडव्या धाग्याचा एक फेरा. जिथं भोक तिथं हूक वर उचलला जातो आणि त्याच्याबरोबर ताण्याचा धागा. भोक नाही तिथं धागा खाली. (हो, त्यालाही हूकच म्हणतात.) अप्पा रात्री शिवलेली कार्डांची माळ एकेक करून बल्बसमोर धरून तपासायचे, ओठ हलवत, मोजत. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, एवढं काय बघता? त्यांनी मला एक चादर दाखवली. मोराच्या मानेत एक ठिपका, तांदळाएवढा. एका कार्डात एक भोक जास्त पडलं होतं. आणि तो ठिपका त्या चादरीतल्या प्रत्येक मोरात होता, आणि त्या दिवशी विणलेल्या प्रत्येक चादरीत होता. मागाला काय, कार्ड सांगेल ते तो विणणार.

एप्रिलमध्ये माझ्या हातून तसंच भोक पडलं.

एका व्हिडिओत यकृताच्या बाजूनं रक्त आलं. तोवर मॅरीलँड आत होतं, ऊती सोडवायचं बारीक वाकड्या चोचीचं इन्स्ट्रुमेंट. मध्ये कॅमेरा धुरकटला, साफ झाला, तेव्हा तिथं रक्तानं माखलेली दोन जबड्यांची चोच होती. मी 'मॅरीलँड' पुढे चालू ठेवलं. सॉफ्टवेअरला अशी सोय असते, की तुम्ही एक फ्रेम आखली आणि पाच फ्रेम सोडून दुसरी आखली तर मधल्या ते स्वतः भरतं. वेळ वाचतो. पैसे फ्रेममागे मिळायचे, त्यामुळे सगळेच ती सोय वापरायचे. मीही वापरली. आणि ३१२ फ्रेम भरल्या गेल्या.

तीन दिवसांनी मी खऱ्या ओटीत स्क्रब होते, म्हणजे सरांच्या हातात इन्स्ट्रुमेंट द्यायला उभी. सरांनी बायपोलर मागितलं, मी वायर जोडून हातात दिलं, त्यांनी पायाखालचं पेडल दाबलं आणि कॉटरीच्या मशीनचा तो लांब 'टूं' आवाज आला. माझ्या पोटात खड्डा पडला. त्या व्हिडिओत रक्त थांबलं होतं. थांबलं म्हणजे कुणीतरी जाळलं होतं. ते मॅरीलँड नव्हतंच. ओटीत मी बायपोलर बघून ओळखतच नाही, आवाजावरून ओळखते, हे मला त्या क्षणी कळलं. आणि व्हिडिओतला आवाज पेशंटच्या खासगीपणासाठी काढून टाकलेला असतो.

फरक लहान नाही. आमच्या ओटीत मॅरीलँडला करंट जोडत नाहीत, त्यानं फक्त ऊती सोडवायच्या. बायपोलरच्या दोन जबड्यांमधून करंट जातो. उद्या इशारा देणाऱ्या मशीननं जाळणाऱ्या टोकाला बिनकरंटचं समजून नलिकेजवळ जाऊ दिलं, तर त्याच्या मुळाशी माझ्या त्या ३१२ फ्रेम असतील, आणि त्या कुणाला कधी सापडणारही नाहीत.

रात्री घरी जेवण गेलं नाही. अप्पांना सांगितलं. त्यांना आता फारसं दिसत नाही, पण त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. एकच प्रश्न विचारला.

"कार्ड काढलंस का?"

म्हटलं, अजून नाही.

"मग जेवायला का बसलीस?"

मी ताटावरून उठून मॅडमना फोन केला. तोवर माझी बॅच सॉफ्टवेअरच्या प्रशिक्षणात जाऊन आठवडा झाला होता. कुणी ओरडलं नाही, पण काम वाढलं. ती बॅच काढून पुन्हा प्रशिक्षण द्यावं लागलं, आणि सगळ्यांच्या 'मॅरीलँड' नावाच्या फ्रेम दुसऱ्या माणसानं तपासल्या. माझ्यासारखीच चूक आणखी दोघांची निघाली. तेव्हापासून आपोआप भरलेल्या फ्रेम एकेक करून पाहिल्याशिवाय पुढे जात नाहीत, आणि 'खात्री नाही' या खुणेलाही पूर्ण फ्रेमचे पैसे मिळतात. हे दुसरं मी भांडून घेतलं. आधी त्याचे पैसेच नव्हते. ज्या कामात शंका लिहिली तर मजुरी बुडते, तिथं माणूस शंका लिहीत नाही, ठोकून देतो.

जूनमध्ये आम्हाला पुण्याला बोलावलं. सकाळची हुतात्मा पकडून मी आणि टेक्निशियन गेलो. तिथं मी पहिल्यांदा रोबोट हात लावून पाहिला. चार हात, प्लास्टिकच्या निर्जंतुक आवरणात गुंडाळलेले. सर्जन बाजूच्या कन्सोलवर बसतो, त्याच्या बोटांची हालचाल लहान करून टोकापर्यंत पोचते, हाताचा कंप गाळला जातो. लोकांना वाटतं रोबोट ऑपरेशन करतो. तो स्वतःहून काहीच करत नाही, माणसाचा हात जाईल तिथंच जातो. मला सगळ्यात भावलं ते त्याचं मनगट. आमचं लॅपचं इन्स्ट्रुमेंट काठीसारखं सरळ. हे ८ मिलिमीटरचं टोक आत जाऊन आपल्या मनगटासारखं वळतं. आणि प्रत्येक इन्स्ट्रुमेंटमध्ये चिप असते, ते किती वेळा वापरून झालं आणि किती वापर उरले ते मोजणारी. उरलेले वापर संपले की मशीन ते घेतच नाही. इन्स्ट्रुमेंटच्या धारेसाठी स्टोअरशी वर्षानुवर्षं वाद घातलेल्या बाईला ही चिप फार आवडली.

मी इंजिनिअरला विचारलं, रोबोटला तर स्वतःचा हात कुठं आहे ते माहीत असतं, मग आमच्या आखलेल्या चित्रांची गरज काय? त्यानं एक जुनं, बाद झालेलं इन्स्ट्रुमेंट उघडून दाखवलं. आत बारीक तारा, कप्पीवरून गेलेल्या. तारा ताणतात, सैल पडतात, त्यामुळे रोबोटला वाटणारी टोकाची जागा आणि खरी जागा यांत किंचित फरक पडतो. पोटात तो किंचितही चालत नाही. म्हणून चित्रातून पुन्हा ताडून पाहायचं. शिवाय बहुतेक रोबोटवर सर्जनला स्पर्श कळत नाही, धागा किती ताणला ते नजरेनंच ठरवावं लागतं. दा विंची नावाच्या मालिकेतल्या पाचव्या पिढीच्या रोबोटला अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मान्यता मिळाली, त्याच्या काही इन्स्ट्रुमेंटमध्ये दाब कळायची सोय आहे. एक घोटाळाही तिथंच ध्यानात आला. आमच्याकडे मॅरीलँड वेगळं आणि बायपोलर वेगळं. रोबोटच्या इन्स्ट्रुमेंटमध्ये मॅरीलँडच्या आकाराचं बायपोलर असतं, एकच. म्हणजे नुसत्या आकारावर नाव शिकवलं तर इथं फसणारच. हे मी बोलले तेव्हा टेबलावरचे तिघेही वहीत लिहायला लागले.

दुपारी त्यांनी बाहेरच्या संशोधनाचं दाखवलं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या रोबोटनं २०२२ मध्ये डुकराच्या आतड्याचे दोन भाग दुर्बिणीतून स्वतः शिवले, माणूस देखरेखीला. २०२५ मध्ये त्यांच्याच दुसऱ्या रोबोटनं मेलेल्या डुकराच्या अवयवांवर पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी क्लिप लावून कापण्याचा १७ पायऱ्यांचा टप्पा आठ वेळा केला, आठही वेळा जमला. त्याला माणसापेक्षा वेळ जास्त लागला. तो शिकला ते सर्जनच्या व्हिडिओंवरून, आणि प्रत्येक पायरीला शब्दांत लिहिलेल्या वर्णनावरून. माझं लक्ष त्या वर्णनांवर अडकलं. ती कुणीतरी बसून लिहिली असणार.

मी तिथं एक म्हणणं मांडलं, आणि ते इथंही मांडते. आमच्या भागातला पेशंट उशिरा येतो. विडीची मजुरी बुडते, घरचं लग्न असतं, दुखणं सोड्यावर निभावतं. तोवर पित्ताशय जाड होतं, आतड्याला चिकटतं, त्रिकोण गोठून दगड होतो. वेळेवर आलेल्या पेशंटच्या स्वच्छ व्हिडिओंवर शिकलेल्या मशीनला हे पोट अनोळखी असेल. म्हणून सोलापूरचे, लातूरचे, नांदेडचे व्हिडिओ त्यात हवेतच, आणि अवघड ऑपरेशनचे आधी हवेत.

शेवटी त्यांनी आमच्यातलाच एक व्हिडिओ लावला, सॉफ्टवेअरनं पूर्वी न पाहिलेला. नाव-गाव काही नव्हतं, पण ते चिकटलेलं पित्ताशय मी लगेच ओळखलं. मावशींचं. हूकभोवती हिरवी रेघ फिरत होती, धुरात तुटत होती, पुन्हा जुळत होती. मग हूक चरबीच्या घडीमागे गेला. रेघ दांड्यावरच थांबली, पिवळी झाली, आणि वर अक्षरं आली: टोक झाकलेलं. मी टेक्निशियनकडे पाहिलं. तोही माझ्याकडेच पाहत होता. पुढे रक्त आलं, माखलेली चोच आत आली. तिच्यावर सॉफ्टवेअरनं नाव घातलंच नाही. 'खात्री नाही' असं लिहिलं. तो व्हिडिओ थांबवून इंजिनिअर जरा खट्टू होऊन म्हणाला, "हे अजून सुधारायचंय." मी म्हटलं, हे असंच राहू दे.

मावशी परवा ओपीडीत आल्या होत्या, सुनेला घेऊन. तब्येत छान आहे. सध्या नवी बॅच चालू आहे, रात्री दहा ते बारा. काल सकाळच्या केसला कॅमेरा एका नव्या रेसिडेंटकडे, म्हणजे शिकाऊ डॉक्टरकडे होता, हात अवघडलेला. सरांचं ऊती सोडवायचं डिसेक्टर घडीमागे गेलं. सरांनी नेहमीसारखं विचारलं, "टोक दिसतंय का?" रेसिडेंट घाईनं म्हणाला, "हो सर, तिथंच आहे."

"नाही सर," मी म्हटलं, "दिसत नाही."

सरांनी हात थांबवला, इन्स्ट्रुमेंट मागे घेतलं, कॅमेरा पुसायला माझ्याकडे दिला.